ठिपका पुसलेले पॅडल

मी, सरवरी हैदर बागवान, वय एकसष्ट, राहणार मुकुंदनगर, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. मला पोटाचा आजार आहे आणि तो बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी न लपवता सांगितले आहे. डोके शाबूत आहे. औषधाची गुंगी दुपारी येते, म्हणून मी सकाळीच लिहिते. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. माझ्या मुलाला हे कळले असते तर त्याने कागद हातातून काढून घेतला असता. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही.

आमच्या घरात दखनी बोलतात. शाळा मी दोनच वर्षे पाहिली. मराठी वाचायला शिकले ती लग्नानंतर, फळांच्या पेट्यांत घालायला आणलेल्या रद्दीवरून. पुढे वाचनालयातल्या मारियाबाईंनी पुस्तके दिली. आप्पासाहेब वकील म्हणाले, "चाची, मी टाईप करून देतो." मी नको म्हटले. कायद्याचे शब्द कुठे घालायचे ते त्यांनी सांगितले, तिथे घातले. बाकीचे माझे आहे.

घर आणि ठेवीसाठी एवढे लिहायची गरज नव्हती. एका मुलीचा उजवा डोळा माझ्या चुकीने गेला आणि त्याचा दोष मी एका निरपराध माणसावर जाऊ दिला. ते लिहून ठेवल्याशिवाय मला मरायचे नाही.

कलम १. वारस. माझे पती हैदर अमीर बागवान १९ सप्टेंबर २०२३ रोजी वारले. मला दोन मुले: तौफिक, वय छत्तीस, माझ्याबरोबर राहतो, आणि अल्मास, वय तेहतीस, राहुरीला दिली आहे. आमच्या शरियतप्रमाणे वारसांचे हिस्से ठरलेले आहेत, मुलाचे दोन तर मुलीचा एक. त्यात लिहून फेरफार करायचा मला हक्क नाही. अल्मासने तीन महिने माझे आजारपण काढले आणि तौफिकने त्या तीन महिन्यांत मला दोनदा रिक्षात बसवून दिले, याची नोंद मात्र मी करू शकते आणि केली आहे. वारस नसलेल्या माणसाला मी माझ्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा देऊ शकते. त्याहून जास्त नाही. त्या एका हिश्श्यावर माझी मर्जी चालते. ती मी इथे चालवते आहे.

कलम २. मुकुंदनगरचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली ठेव वरच्या हिश्श्यांप्रमाणे तौफिक व अल्मास यांनी घ्यावी. घर विकायचे झाले तर आधी अल्मासला विचारावे. न्हाणीच्या भिंतीतली ओल हैदरनी चार वेळा बुजवली होती. ती पाचव्यांदा येईल. घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम ३. सावेडीतला दुकानाचा गाळा माझ्या नावावर आहे. त्याची किंमत तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसते, हे आप्पासाहेबांनी तपासले आहे. हा गाळा, आतल्या सर्व सामानासह, मी मोनिका गहिनीनाथ दरंदले, वय एकोणीस, हिला देते. का, ते कलम चारमध्ये आहे. ते वाचल्याशिवाय कोणी भांडायला बसू नये.

गाळ्याबद्दल थोडे लिहिते. आम्ही बागवान, आमचा धंदा फळांचा. माझे वडील कोपरगावला गोदावरीच्या वाळूतल्या कलिंगडांच्या वाड्या उभ्याच विकत घ्यायचे. सहा वर्षांची असल्यापासून मी त्यांच्यामागून वाळूत चालायची आणि कलिंगडावर बोटाचे पेर वाजवायची. कच्चे कलिंगड टणटण वाजते. पिकलेले खोल, भरलेल्या आवाजात बोलते. वडील ढिगाकडे पाठ करून उभे राहायचे, मी वाजवायची, आणि ते नुसत्या आवाजावर "तोड" किंवा "ठेव" म्हणायचे. दहाव्या वर्षी ते मला म्हणाले, "आता तू सांग, मी तोडतो." आयुष्यात मला मिळालेली तेवढीच एक परीक्षा, आणि तिच्यात मी पास झाले.

हैदरना फळांत गोडी नव्हती. त्यांनी बॅडमिंटनच्या रॅकेटना गटिंग करायचे दुकान काढले. हाताने यंत्र फिरवून तार ताणायचे, आणि ताणली की मला म्हणायचे, "ऐक." मी ऐकून सांगायची, सैल की घट्ट. तीस वर्षे असे चालले. मग २०२१ मध्ये सावेडीतल्या एका गोदामात चार कोर्ट आखून हॉल केला आणि पिकलबॉल आला. टेनिसपेक्षा लहान मैदान, मध्ये जाळी, भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू आणि पोळपाटाला दांडा लावावा तशी सपाट बॅट. तिला पॅडल म्हणतात. पॅडलला तार नसते. आत मधाच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळी असते आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर पातळ कडक पापुद्रा चिकटवलेला असतो. लोक पॅडल आमच्याकडे आणायला लागले. दांड्याची पट्टी बदला, कडेची रबरी गोट सुटली ती चिकटवा, आणि बघा हो चाची, ठीक आहे का. ठीक असले की मी दांड्याच्या बुडाला काडीने पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायची. हॉलमध्ये त्या ठिपक्याला मान होता. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहिते.

कलम ४. हे कलम मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिले आहे.

समर्थ बन्सी निमसे हा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. हॉलवर मुलांना खेळ शिकवायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये, सोमवारी सकाळी, तो त्याचे पॅडल घेऊन आला.

"चाची, ह्याचा आवाज बदललाय. आणि चेंडू जरा जास्तच सुटतोय. बघा बरं."

मी पॅडल कानाशी धरले आणि पेर वाजवले. मधोमध आवाज खोल होता, भरलेला, गोल. माझ्या हाताला आणि कानाला तो आवाज लहानपणापासून माहीत होता. मी म्हटले, "अरे, हे आता कुठं पिकलंय. आता रंगात येईल. खेळ."

तो हसला. "पिकलंय काय, चाची! कलिंगड आहे का?"

"कान एकच असतो," मी म्हटले आणि ठिपका दिला.

पॅडलमध्ये तो आवाज पिकल्याचा नसतो. वरचा पापुद्रा आतल्या जाळीपासून सुटला की मध्ये पोकळी पडते आणि तसा आवाज येतो. सुटलेला पापुद्रा स्प्रिंगसारखा दबतो आणि चेंडू मूळच्या वेगापेक्षा कितीतरी जोराने फेकतो. म्हणून तर स्पर्धेत असली पॅडल चालत नाहीत. झिजलेली वस्तू कमी काम करते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. झिजली म्हणून जास्त काम करणारी वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. समर्थने मला दोन्ही खुणा सांगितल्या होत्या. आवाज बदलला आणि चेंडू जास्त सुटतो. मी त्याचे ऐकले नाही, माझ्या वडिलांच्या वाळूतले ऐकले.

त्याच आठवड्यात, शनिवारी, मोनिका जाळीजवळ उभी होती. सोळा वर्षांची. समर्थने चेंडू नेहमीसारखाच मारला. ती म्हणते, चेंडू दिसलाच नाही. पुण्यात दोन ऑपरेशने झाली. डोळा राहिला, नजर राहिली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी हॉलची तीन माणसे पॅडल घेऊन दुकानात आली. समर्थने त्यांना सांगितले होते की हे चाचींनी तपासलेले आहे. हैदर नमाजला गेले होते. ते येईपर्यंत चहा पिऊन येतो म्हणून ती माणसे पॅडल टेबलावर ठेवून समोर गेली. मी कापसाला थिनर लावून ठिपका पुसला. एवढा छोटा ठिपका, पण दोनदा पुसावा लागला. वर पाहिले तर हैदर दारात उभे होते.

माणसे आली. त्यांनी हैदरना विचारले, "चाचा, हे पॅडल तुमच्याकडं आलं होतं का?"

हैदर म्हणाले, "नाही आलं."

ज्या माणसाने तीस वर्षांत तार ठरल्यापेक्षा एक पौंडही सैल ठेवून पुरी ताणली असे सांगितले नाही, त्याने माझ्यासाठी हे सांगितले. हॉलवाल्यांनी ठरवले की समर्थ खोटे बोलतो. बिघडलेले पॅडल जोर वाढतो म्हणून त्याने मुद्दाम वापरले. त्याला काढून टाकले. मुलांच्या आईबापांनी त्याच्या घरावर जाऊन शिव्या दिल्या. तो चाकणला कंपनीत गेला. पॅडल हॉलवाल्यांनी आमच्याकडेच टाकले, "मोडीत काढा" म्हणून. मी ते मोडीत काढले नाही. कपाटात ठेवले.

हैदर त्यानंतर दहा महिने जगले. कामाशिवाय बोलत नसत. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "समर्थला सांग." मी हो म्हटले. त्यालाही आता दोन वर्षे झाली.

मोनिका २०२४ च्या उन्हाळ्यात दुकानात आली, स्वतःचे पॅडल विकायला. काळा चष्मा होता. मी म्हटले, विकू नको, इथे काम कर. तिला वाटले, ही बाई दयाळू आहे. दीड वर्ष ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते आहे. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे, कारण तिने कलिंगडे वाजवलेली नाहीत. ती मला चाची म्हणते आणि माझ्या औषधाची वेळ लक्षात ठेवते. तिला यातले काहीही माहीत नाही.

समर्थने मला ते पॅडल दाखवले होते. मी ते पास केले होते. ठिपका मी पुसला. समर्थ बन्सी निमसे खोटे बोलला नव्हता. ही चार वाक्ये माझ्या मृत्यूनंतर हॉलच्या फलकावर लावावीत. आप्पासाहेबांनी ती जबाबदारी घेतली आहे.

कलम ५. तौफिकसाठी. गच्चीवर पत्र्याची पेटी आहे. तिच्यात मी मोजली तेव्हा अकरा पॅडल होती. तौफिकला माझी चूक माहीत नाही, पण माझा 'पिकलंय' हा शब्द त्याने उचलला. हॉलमध्ये काही लोकांना जोर वाढलेली पॅडल हवी असतात. तौफिक चांगली पॅडल घेतो आणि आमच्या आजोबांनी आंब्याची आढी लावावी तशी ती उन्हात पत्र्याच्या पेटीत ठेवतो. एप्रिलच्या नगरच्या उन्हात आतला गोंद सुटतो. मग काठावर गुडघा देऊन वाकवतो आणि "पिकलेले पॅडल" म्हणून दुप्पट दराने विकतो. मी त्याला दोनदा बोलले.

"अम्मी, गिऱ्हाईक मागतं, मी देतो. तुम्ही कलिंगड विकलं, मी हे विकतो."

"कलिंगडानं कोणाचा डोळा जात नाही."

"मग गॉगल लावून खेळा म्हणावं."

पेटी घराबरोबर वारसांत जात नाही. ती मी गाळ्याच्या सामानात धरते, म्हणजे मोनिकाकडे. तिने ती अकराही पॅडल करवतीने आडवी कापावीत आणि मगच भंगारात द्यावीत. अख्खी देऊ नयेत, भंगारवाला विकेल. तौफिक, तुला दुकान का दिले नाही हे तुला कोणी विचारले तर हे कलम दाखव.

कलम ६. गाळा चालवणाऱ्याने पाळायच्या गोष्टी. मोनिकाला येतात, पण ती कायम तिथे असेल असे नाही.

पॅडल तपासताना दुकानाचा पंखा बंद करावा. कानाशी धरून मधल्या भागापासून कडेपर्यंत पेर वाजवत जावे. चांगले पॅडल सगळीकडे जवळपास एकाच आवाजात बोलते. कुठेही आवाज खोल गेला, बसका झाला किंवा जास्त गोड लागला तर थांबावे. गोड लागला तर जास्तच थांबावे. मग दोन्ही अंगठ्यांनी तिथे दाबावे. दबले तर ते पॅडल गेले. हलवून पाहावे, आत काही खडखडले तर जाळीचा तुकडा सुटला आहे. दांडा जिथे पात्याला मिळतो तिथली पट्टी उलगडून नखाने चीर शोधावी. चीर पट्टीखाली लपते. पट्टी न उलगडता तपासलेले पॅडल तपासलेले नाही. पात्यावरून तळहात फिरवावा. नवे असताना बारीक वाळूसारखे लागते. काचेसारखे गुळगुळीत लागले तर खरखर संपली. त्याने धोका नाही, पण चेंडू हातात राहत नाही. गिऱ्हाइकाला खरे सांगावे आणि नव्याची घाई करू नये.

पॅडल गाडीच्या डिकीत ठेवू नये, हे प्रत्येकाला सांगावे. ऐकत नाहीत, तरी सांगावे. खेळ झाल्यावर ओलसर फडक्याने पुसावे, पाण्याखाली धरू नये, कारण कडेच्या गोटीतून पाणी आत जाते. गोट सुटायला लागली की त्याच दिवशी चिकटवावी. जमिनीवरचा चेंडू पॅडलच्या कडेने खरवडून उचलू नये. खेळ संपल्यावर चौघे जाळीपाशी येऊन पॅडलला पॅडल लावतात, तो त्यांचा सलाम आहे. चांगली रीत आहे, पण दांड्याला दांडा लावावा. पात्याला पाते आपटून केलेल्या सलामाने मी निदान तीस पॅडल मेलेली पाहिली आहेत. हरल्याच्या रागात जाळीच्या खांबावर मारलेले पॅडल दुरुस्तीला घेऊच नये.

ठिपका द्यायची पद्धत बंद करावी. ठिपका पुसता येतो. त्याऐवजी वही ठेवावी. तारीख, नाव, पॅडल आणि तपासणाऱ्याचा अंगठा.

कलम ७. बारीकसारीक. गटिंगचे जुने यंत्र अख्खेच ठेवावे, लोखंड म्हणून विकू नये. ते गाळ्यात राहील. माझी पुस्तके वाचनालयाला. त्यांतली तीन वाचनालयाचीच आहेत, मारियाबाईंना माहीत आहे, त्या कधी बोलल्या नाहीत. हिरवी शाल अल्मासला. माझे दीर हैदरच्या मयतीला आले आणि खांदा देण्याआधी दुकानाचे काय, असे विचारून गेले. त्यांना काही नाही. त्यांचे नाव विसरून राहिलेले नाही, मुद्दाम वगळले आहे. दफन हैदरजवळ जागा असेल तर तिथे, नसेल तर असेल तिथे. मयतीनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचे जेवण घालू नये.

कलम ८. ते पॅडल कपाटात, खालच्या कप्प्यात, हैदरच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेले आहे. ते मी मोनिकाला देते. तिने त्याचे काय करावे, हे सांगायचा हक्क मला नाही.

इथवर शुक्रवारी, ९ जानेवारीला लिहून झाले. साक्षीदार म्हणून मारियाबाई होत्याच. दुसरा साक्षीदार समर्थ असावा, असे मी ठरवले होते. त्याला निरोप पाठवला तेव्हा तो येईल असे वाटले नव्हते. दुकानात आला. दाढी ठेवली आहे, खांदे पडले आहेत. मी कागद पुढे केला आणि सही कुठे करायची ते दाखवले. तो म्हणाला, "वाचल्याशिवाय सही करत नाही आता मी." स्टुलावर मोनिका होती. तो मनात वाचेल असे मला वाटले. त्याने कलम चार मोठ्याने वाचले. कदाचित मी त्याला तेवढ्यासाठीच बोलावले असेन.

वाचून झाल्यावर त्याने कलम चारच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाला, "म्हणजे हे तुम्ही मेल्यावर लागणार. फलकावर."

"हो."

"मग लोकांनी कोणाला विचारायचं? तुम्हाला तर विचारता येणार नाही. माझ्या वेळी मला रोज विचारत होते, चाची. दूधवाला विचारत होता." त्याने कागद परत सरकवला. "रविवारी हॉलवर या. तोंडानं सांगा. मग सहीचं बघू."

मोनिकाने एवढेच विचारले, "ठिपका तुम्ही पुसला का चाचांनी?"

"मी."

तिने ओढणी घेतली आणि गेली. माझ्या औषधाची वेळ झाली होती. त्या दिवशी औषध राहिले.

शनिवारी तिची आजी छबूबाई दुकानावर आली. पायरीवरच उभी राहिली, आत आली नाही. सगळा बाजार ऐकत होता.

"म्या तुज्यासाठी आवळ्याचं लोणचं धाडीत हुते गं सरवरे! आजारी हाय म्हनून! आन् तू माज्या नातीला शेजारी बसवून दीड वरीस रोज बघत हुतीस व्हय? कसं बघवलं गं तुला?"

मी म्हटले, "छबूबाई, आत या."

"न्हाई येत. डोळा घेतला आन् आता दुकान देती. तुज्या त्या पोळपाटाच्या दुकानाचं आमी काय करायचं? तिच्या लग्नाला पोरगा बघाया गेलं की लोक आदी चष्मा काढाया लावत्यात. त्यांना तुजा गाळा दाखवू का?"

ती गेली. लोणच्याची बरणी परत मागायला आली असेल, असे मला वाटले. बरणी तिने मागितली नाही.

आज रविवार. सकाळी सात वाजता मी सदऱ्यातले पॅडल घेऊन रिक्षाने हॉलवर गेले. पंचवीसएक माणसे असतील, डॉक्टर, बँकेतले, कापड दुकानवाले. खेळ थांबवायला सांगितला. मधल्या जाळीला धरून उभी राहिले. कलम चारमधली वाक्ये तोंडाने सांगितली. समर्थ दाराशी उभा होता. त्याच्याकडे बोट करून म्हटले, "हा खरं बोलत होता. खोटी मी होते."

मग पुढे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "चाची, हेच का ते? बघू." मी दिले. त्यांनी पेर वाजवले, चेंडू घेतला आणि मागच्या भिंतीवर मारला. भिंतीवरून तो अख्खा हॉल ओलांडून परत आला.

"बाप रे, काय उसळी आहे!" ते म्हणाले. "हे ठेवणार आहात का देणार?"

दोघे हसले.

मागून मोनिका आली. ती कधी आली होती मला माहीत नाही. जाळीच्या पलीकडे, ज्या जागी ती तेव्हा उभी होती तिथे जाऊन उभी राहिली आणि चष्मा काढला.

"काका, माझ्याकडं मारा ना. बघू किती उसळी आहे."

त्यांनी पॅडल खाली केले.

"मारा की. एक डोळा आहे अजून."

त्यांनी पॅडल जाळीवरून तिच्याकडे दिले आणि पाणी प्यायला गेले. मोनिकाने कमरेच्या पिशवीतून दुकानातली टोचणी काढली. कडेची गोट एका बाजूने उचकटली आणि टोचणी पापुद्र्याखाली घातली. जोर लावावा लागला नाही. शिळ्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तो अख्खा एका हाताने निघून आला. खाली जाळी मधोमध मोडून तिचा चुरा झालेला होता. तो तिच्या तळहातावर पडला. तिने हात पुढे करून प्रत्येकाला दाखवला, एकेकासमोर जाऊन, अगदी पाणी पिणाऱ्या गृहस्थांसमोरही. माझ्यासमोर आली तेव्हा थांबली, आणि पुढे गेली.

त्यामुळे कलम ८ रद्द. ते पॅडल आता कोणाला देण्यासारखे राहिलेले नाही.

कलम ३ कायम आहे. मी मोनिकाला विचारले. ती म्हणाली, "गाळा घेईन. पेटी पण घेईन, आजच. पण तुमच्या शेजारी बसणार नाही." किल्ली मी तिला दिली आहे. उद्यापासून मी दुकानात जाणार नाही. कलम ६ मधली वही तिने आजच सुरू केली. पहिल्या पानावर तिने २०२२ ची ती तारीख, समर्थचे नाव आणि ते पॅडल लिहिले. तपासणाऱ्याच्या जागी माझा अंगठा घेतला. मला सही येते, हे तिला माहीत आहे. तरी अंगठा घेतला आणि मी दिला.

मोबाईल मघापासून वाजतो आहे. तौफिकचा आहे. हॉलवरच्या कोणीतरी कळवले असणार. सही झाल्यावर उचलेन.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले आहे. ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे आणि खरे आहे. खालील दोघांच्या समोर, शुद्धीवर असताना, मी सही करते. दोघांनाही यातून काहीही मिळणार नाही.

सही: सरवरी हैदर बागवान

साक्षीदार १: मारिया शांतवन पारधे, ग्रंथपाल. (चर्चची वेळ टळूनही थांबल्या.)

साक्षीदार २: समर्थ बन्सी निमसे, सध्या राहणार चाकण. त्यांनी सही करून तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे. ती मृत्युपत्राचा भाग समजावी आणि कोणीही खोडू नये:

"बाई शुद्धीवर आहेत, एवढ्यापुरती सही केली. माफ केलेले नाही."

ठिकाण: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: रविवार, ११ जानेवारी २०२६